खुणेचा दोरा

फोन आला तेव्हा मी तो आधी ठेवूनच दिला. अनोळखी नंबर, तरुण आवाज, आणि सुरुवातच अशी की, "इंदूबाई न्हवं? एक महत्त्वाचं सांगायचं होतं." मी म्हटलं, "ओटीपी देणार न्हाय," आणि फोन कापला. दुसऱ्यांदा आला. "मावशी, ठेवू नकोसा. निपाणीहून अजित बोलतोय. पद्माआत्या गेली." तरीही मी सरळ मानलं नाही. हल्ली माणसाच्या मरणाच्या बातम्या सांगूनसुद्धा लुबाडतात. मी विचारलं, "तुमच्या घरात पाणी कशानं गाळतात, सांग बघू?" तो म्हणाला, "मांजरपाटाच्या फडक्यानं... दुहेरी घडी घालून," आणि त्याचा आवाज फुटला. तेव्हा मात्र मी स्वयंपाकघरात होते तिथंच, फरशीवर, भिंतीला टेकून बसले. सावरल्यावर तो एवढंच म्हणाला, की आत्यानं तिच्या कपाटाची किल्ली तुमच्यासाठी ठेवली आहे, ते दुसऱ्या कुणी उघडायचं नाही असं बजावून गेली आहे, तर तुम्ही येऊन जा. माझ्या मनात पाल चुकचुकली. पद्माला दागिन्यांची आवड नव्हती, लेकरंबाळं नव्हती, कागदपत्रं तर ती कुणाच्या हाती लागू द्यायची नाही. मग कपाटात माझ्यासाठी काय असणार?

त्या फोनला आता दीड महिना होत आला. या पुरवणीत पद्माबद्दल लिहा असं मला सांगितलं, ते मी तिची कॉलेजपासूनची मैत्रीण म्हणून. तिच्या संशोधनाबद्दल लिहिणारी जाणती माणसं आहेत, ती लिहितील. मला तिचं विज्ञान अर्धंच कळायचं. मी शहापुरातल्या विणकर घरातली, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराचं पोट खरंच दुखतंय की पाढे पाठ नाहीत, हे ओळखण्यात माझी हयात गेली. त्यामुळं स्वभाव संशयी. आधीच सांगून टाकते, या लेखातली पद्माशिवायची नावं मी बदलली आहेत, गल्ली बदलली आहे, रंगसुद्धा बदलले आहेत. तुमच्यातले काही जण तरीही 'हे कुणाचं घर असेल?' म्हणून डोकं चालवणार, ते मला माहीत आहे. चालवा. हाती काही लागायचं नाही.

पद्मा निपाणीजवळच्या खेड्यातली, जैन घरातली. वडिलांचा तंबाखूचा व्यापार. ती बेळगावात कॉलेजला आली तेव्हा तिच्या कपड्यांना, वह्यांना, केसांनासुद्धा तंबाखूचा वास यायचा आणि शेजारी बसलं की मला शिंका यायच्या. आमची पहिली ओळख शिंकांवरच झाली. ती स्वतःचा पेला आणि पाणी गाळायचं फडकं पिशवीत घेऊन हिंडायची. कॉलेजच्या नळाचं पाणी ती तसंच पीत नसे. मला वाटलं, आमच्या हातचं चालत नाही हिला, सोवळ्याची दिसते. सरळ विचारलं. ती हसली. म्हणाली, "तुझ्यावर न्हाय गं, पाण्यावर संशय हाय. आमची आज्जी म्हणतीया, दिसत न्हाय म्हणजे न्हाय असं न्हाय." पुढं सूक्ष्मजीवशास्त्र शिकून, पुण्याला आणि मग परदेशात जाऊन ती मोठी शास्त्रज्ञ झाली, तेव्हा मी तिला चिडवायची, "अहिंसावाली तू, आणि जंतू मारायला निघालीस." ती म्हणायची, "मी कुठं मारते? मी नुसती शोधते." दिवस मावळायच्या आत जेवायचं हा नेम मात्र तिनं परदेशातसुद्धा मोडला नाही, आणि तिथल्या लोकांना त्याचं कारण समजावता समजावता तिची दमछाक व्हायची, असं ती सांगायची.

मग एक दिवस ती सगळं सोडून परत आली. बेळगावात. आता सांगा, तिकडची मोठी प्रयोगशाळा सोडून बेळगावात कोण येतं? गावात तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, काढून टाकलं असणार. कुणी म्हणालं, एखाद्या गोऱ्याची भानगड असेल. आणि ती एचआयव्हीवर काम करते हे कळल्यावर तर काय, 'तिलाच झालाय' हेही बोलून झालं. मलाही वाटायचं, पाणी कुठंतरी मुरतंय. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "इंदे, आपल्या हमरस्त्यावर निपाणीपासनं बेळगावपर्यंत गाड्या थांबत्यात. मागवाले इचलकरंजीला जात्यात, येत्यात. रोग हिथं हाय, मग मी तिकडं बसून काय करू?" उत्तर इतकं सरळ होतं की माझा त्यावर लगेच विश्वास बसला नाही.

ती रविवारी दुपारी माझ्याकडं येऊन बसायची. मी आधी समजायचे, मैत्रिणीला भेटायला येते. खरं कारण नंतर कळलं. रक्त घेण्याआधी रोग्याला काय काय सांगायचं, कशासाठी घेतोय, त्याचं पुढं काय होणार, नको असेल तर कसं नको म्हणायचं, हे सगळं ती मराठीत आणि कन्नडमध्ये बोलून बघायची आणि मला ऐकवायची. मी पाय पसरून शेंगा सोलत बसायची आणि ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची. "बाकीचे नुसती मान डोलवत्यात गं," ती म्हणायची. "डॉक्टर म्हणाला म्हणजे सही करायची. तू एकटी विचारतीस. तुझ्या कपाळाला आठी पडली की मी समजते, हे वाक्य बदलायला पायजे." एकदा ती म्हणाली, "यामुळं तुम्हाला फायदा होऊ शकेल." मी म्हटलं, "फायदा कुणाचा? त्यांचा की तुझा?" ती तिथंच थांबली. पुढच्या रविवारी आली तेव्हा वाक्य बदललेलं होतं. 'यानं तुमचा फायदा होईलच असं नाही. पुढं दुसऱ्यांचा होईल.' मी म्हटलं, असं सांगितलंस तर कोण देईल रक्त? ती म्हणाली, "जो देईल तो समजून देईल."

आणि मग ही गोष्ट आमच्याच घरात आली. माझा धाकटा भाऊ मागावर बसायचा. मधली काही वर्षं इचलकरंजीला यंत्रमागावर होता. परत आला तो खोकतच. घरातल्यांनी टीबी म्हटलं, गल्लीनं टीबी म्हटलं, आणि टीबी होताही, पण नुसता टीबी नव्हता. वहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, सातवा महिना लागला होता तेव्हा तो गेला. तिच्याही रक्तात निघालं. तेव्हा औषधं आजच्यासारखी गावोगावी मिळत नव्हती. मी पद्माला निरोप धाडला आणि लगेच पस्तावले, कारण तोवर तिला सगळं गाव 'त्या रोगाची डॉक्टर' म्हणून ओळखायला लागलं होतं. ती आमच्या माहेरच्या घरी आली असती तर न सांगताच जगाला कळलं असतं.

ती आली, पण कशी आली ऐका. स्कूटर लांब देवळापाशी लावली. चालत आली आणि दारातूनच गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साडी हाय काय हो नवीन? निपाणीत लगीन हाय." आमच्यात मागावरून थेट साडी घ्यायला बायका येतातच, कुणाला काही वाटलं नाही. आत आली, मागाच्या मागच्या खोलीत गेली, जिथं आमच्या आप्पानं, म्हणजे माझ्या पाठच्या भावानं, वहिनीची गादी, ताट, तांब्या सगळं वेगळं मांडून ठेवलं होतं. पद्मा तिच्याजवळ बसली. इकडची तिकडची चौकशी केली आणि मग म्हणाली, "तहान लागलीया." मी धावत पेला आणायला निघाले. तिनं मला हातानं थांबवलं आणि वहिनीच्याच तांब्यातलं पाणी वहिनीच्याच पेल्यात ओतून घेतलं. गाळलं नाही. वरून प्यायली नाही. तोंड लावून प्यायली. दारात उभा राहून आप्पा बघत होता. जन्मभर जिनं न गाळता पाण्याचा घोट घेतला नाही, तिला मी तसं पाणी पिताना तेवढंच पाहिलं. जाताना तिनं खरोखरच एक साडी विकत घेतली आणि पिशवीबाहेर पदर दिसेल अशी धरून गल्लीतून गेली.

पोरगी झाली. बाळंतपणात आईला आणि बाळाला द्यायचं औषध पद्मानं मिळवून दिलं. वहिनीनं सगळं समजून घेऊन वरचं दूध द्यायचं ठरवलं. शेजारणी विचारायच्या, अंगावर का पाजत न्हाई? वहिनी म्हणायची, आलंच न्हाई. बाराव्या दिवशी बारसं झालं नाही. दुखवटा म्हणून सांगितलं, आणि गल्लीनं ते मानलं. पण दुखवटा संपला, तरी पाळणा बांधायचं कुणी नाव काढेना. मग मला कळलं, की आप्पानं कुणाला न सांगता बाळाला गावातल्या एका लॅबमध्ये नेऊन रक्त तपासून आणलं होतं. कागदावर 'आहे' असं आलं होतं. आप्पा वाईट माणूस नव्हता. घाबरला होता. मला म्हणाला, "आक्का, जाणाऱ्या जिवाला नाव कशाला? नाव ठेवलं की माया लागतीया." सगळे तिला नुसतं 'बाळी' म्हणायचे.

पद्मा पुन्हा 'साडी' घ्यायला आली तेव्हा मी तो कागद तिच्यासमोर आपटला. म्हटलं, तुझं औषध वाया गेलं. तिनं कागद वाचला, उलटा करून बघितला, बाजूला ठेवला. म्हणाली, "कागद खोटा न्हाय. पण ह्यो पोरीबद्दल बोलत न्हाय, आईबद्दल बोलतोय. पोटात असताना आईच्या रक्तातलं रोगाशी लढणारं पोरीत उतरतंय, ते जायला दीड वर्ष लागतंय. तवर ह्यो तपास काय बी खरं सांगणार न्हाय." मी म्हटलं, "मग तिला न्हाय, हे नक्की?" ती म्हणाली, "तसं बी न्हाय. असंल, नसंल. खात्री देणार न्हाय. खात्री देणाऱ्यावर तू तर विश्वास ठेवू नगंसच." मला तिचा राग आला. एवढी शिकलेली, आणि बाईच्या पदरात धड एक वाक्य टाकता येत नाही हिला. मी म्हटलं, "मग दीड वर्ष काय करायचं आम्ही?" तिनं पोरीला मांडीवर घेतलं होतं. तिची मूठ उघडून बघत होती. तशीच, वर न बघता म्हणाली, "नाव ठेवायचं. नाव ठेवायला निकाल कशाला लागतोय?"

आत्या मी. नाव ठेवायचा मान माझा. त्याच दुपारी, मागाच्या मागच्या खोलीत, वहिनीच्या जुन्या साडीची झोळी बांधली. ना घुगऱ्या, ना पाळणा, ना शेजारणी. वहिनी, मी आणि पद्मा. मी वाकले, पोरीच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. रीतच आहे, आत्यानं नाव घेतलं की जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. तिथं बायका कुठल्या? वहिनी रडत होती. मी वाकलेलीच होते आणि पाठीत असा सणसणीत धपाटा बसला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पद्मानं सगळ्या गल्लीचे मिळून एकटीनं घातला होता. वहिनी रडता रडता हसली. भाऊ गेल्यापासून ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. बाहेर आप्पानं माग थांबवला होता. थोड्या वेळानं आत आला, झोळीजवळ उभा राहिला, आणि "काय ठेवलासा नाव?" एवढंच विचारून परत मागावर गेला. ते नाव मी इथं लिहिणार नाही.

पण माझा संशय तिथं संपला नाही, उलट तिथून खरा सुरू झाला. पद्मा पोरीचं रक्त घ्यायची. थोडंसंच, टाचेतून. पण मला वाटायचं, दीड वर्ष तपास खरं सांगत नाही म्हणतीस, मग मध्येच रक्त कशाला नेतीस? एकदा घेतलं, परत घेतलं. मी मनात म्हटलं, ही आमच्या पोरीवर प्रयोग करालीया. रविवारी ती आली तेव्हा मी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि तोंडावर विचारलं. दुसरी असती तर कावरीबावरी झाली असती, नाहीतर चिडली असती. पद्मा म्हणाली, "व्हय. त्यातलं माझ्या कामाला जातंय." आणि मग सांगितलं. आईचं उतरलेलं बाजूला राहू दे, खुद्द विषाणू बाळाच्या रक्तात आहे का, तो शोधायची रीत ती आपल्या प्रयोगशाळेत बसवत होती. जमली तर कुठल्याही आईला दीड वर्ष जीव मुठीत धरून बसायला नको. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या पोरीला हाय का न्हाय, ते तुला आत्ताच कळलंय?" ती एक शेंग उचलून सोलायला लागली. मी म्हटलं, "पद्मे, कळलंय तुला." ती म्हणाली, "माझ्या तपासात काय तर आलंय. पण त्या तपासावर माझाच अजून विश्वास न्हाय, तर तुला काय सांगू? चुकलं आणि तुम्ही पोरीचा नुसता वाटी-चमचा वेगळा न करता तिचा नादच सोडला तर? न्हाईतर उलटं, आनंदानं पेढं वाटलासा आणि दीड वर्षानं..."

मी त्या दिवशी तिच्याशी जन्माची मैत्री तोडणार होते. तशीच वहिनीकडं गेले. वहिनी सुताच्या कांड्या भरत होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "आक्का, मला ठावं हाय. त्यांनी आधीच सांगितलंवतं, रक्त नेणार पण काय निघालं ते सांगणार न्हाय, चालंल काय, म्हणून. मीच व्हय म्हटलं." मी म्हटलं, "का?" ती कांडी बदलत म्हणाली, "तुमचा भाऊ गेला तवा कुणाला काय कळलं न्हवतं. माझ्या पोरीचं काय व्हायचं ते हू दे, पुढच्या बाईला तर लवकर कळंल." मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मला सांगायची गरजही नव्हती, पोरगी तिची होती. तरी एक शंका राहिलीच, की 'नाव ठेव' असं पद्मा म्हणाली ते मनापासून, की तिला आतून माहीत होतं म्हणून? मी वहिनीकडून खोदून खोदून काढलं. बारसं झालं तेव्हा पद्मानं पोरीच्या टाचेला सुईसुद्धा लावली नव्हती. तेवढं ऐकून मी तिच्याशी परत बोलायला लागले. पण ते मधले महिने, तिला काहीतरी ठाऊक होतं आणि ती माझ्यासमोर बसून चहा पीत होती, हे बरोबर की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ती गेली, तरी आलेलं नाही.

दीड वर्षानं निकाल आला. 'नाही.' पद्मानं तो आम्हाला लगेच सांगितला नाही, दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा तपासून आणला, मग सांगितला. आप्पा मागावरून उठला, न्हाणीत गेला, आणि बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तो वहिनीचा तांब्या उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेला. वहिनीला पुढं औषधं सुरू झाली. ती आजही आहे, ठणठणीत आहे, आणि हा लेख तिनं वाचला आहे. म्हणाली, "लिवा. माझं नाव नगो, त्यांचं लिवा." पद्माची ती रीत पुढं मान्य झाली म्हणतात, तिच्यासारखं काम आणखी कितीतरी जण करत होते, तिचा त्यात वाटा किती हे तिनं कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की, "माझ्या वाट्याची एक पोरगी मला ठावं हाय," म्हणायची. कोरोनात घराघरात माणसं खोल्यांत कोंडली गेली, ताटं दारात ठेवली जाऊ लागली, तेव्हा तिचा फोन आला होता. म्हणाली, "आता कळंल सगळ्यांस्नी, वेगळं ठेवणं म्हणजे काय असतंय." दुसऱ्याच वाक्यात म्हणाली, "कळंल आणि विसरतील बी."

आमची शेवटची भेट माझ्याच घरी झाली. खंगली होती. खुर्चीत नीट बसवत नव्हतं म्हणून मी लोड दिला. मी दिवाणावर एक साडी घडी करत होते, माहेरच्या मागावरची. ती बघत होती. एकदम म्हणाली, "इंदे, साडीच्या आतल्या टोकाला ह्यो वेगळ्या रंगाचा दोरा कशाला गं?" मी सांगितलं. आमच्यात माल साड्या विकणाऱ्या सावकाराकडं जातो, एकाच्या साड्या दुसऱ्याच्यात मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घर आतल्या टोकाला आपल्या खुणेचा दोरा विणतं. कुणाचा पिवळा, कुणाचे दोन हिरवे, कुणाचा तांबड्याशेजारी काळा. नेसणाऱ्या बाईला तो दिसत नाही. विणकराच्या पोराला बघताक्षणी कळतो, साडी कुठल्या घरची ते. पद्मा म्हणाली, "सगळ्या साडीत?" मी म्हटलं, "सगळ्या." तिचा चहा तसाच राहिला. जाताना रिक्षात बसताना माझा हात तिनं जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मला शंका आली, की हिला काहीतरी सांगायचं आहे. पण तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

मी निपाणीला गेले. घरात माणसं होती. अजितनं किल्ली माझ्या हातात ठेवली, तशा दोन-तीन नजरा त्या किल्लीवर खिळल्या. पद्माची एक चुलत भावजय का कोण, ती तर माझ्या मागेमागेच आली. कपाट उघडलं. आत साड्या. वरपासून खालपर्यंत साड्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. जी बाई आयुष्यभर दोन-चार सुती साड्यांवर राहिली, तिच्या कपाटात शहापुरी साड्यांचा ढीग. "अगंबाई," ती बाई म्हणाली, "हिनं काय धंदा काढलावता काय साड्यांचा? का कुणी द्यायचं?" मी एक साडी उचलली, आतलं टोक बघितलं. आमच्या घरचा दोरा. खालची उचलली. तो आमचा नव्हता. खासबागातल्या एका घराचा होता, ज्यांच्याकडं मी लहानपणी वाण घेऊन जायची. त्याच्या खालचा वडगावातला. त्याच्या खालचा... मला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि मला एकेक घर कळत चाललं होतं. कुणाचा पोरगा 'पोटाच्या आजारानं' गेला, कुठली सून अचानक माहेरी राहिली, कुणी लग्न का मोडलं. दारात मोठ्यानं 'साडी हाय काय हो' म्हणत ती कुठं कुठं जाऊन आली होती, ते सगळं तिथं घडी घालून ठेवलं होतं.

तिनं आयुष्यात कुणाचं नाव कागदावर येऊ दिलं नाही. स्कूटर लांब लावली. स्वतःच्या डायरीत भेटीसुद्धा लिहायची नाही. आणि घ्यायचं म्हणून नेमकं तेच घेतलं, ज्याच्यावर घराचं नाव विणलेलं असतं. निपाणीच्या तंबाखूवाल्याच्या पोरीला दोऱ्याचं काय कळणार? कळलं ते अगदी शेवटी, माझ्या दिवाणाजवळ. साड्या विकाव्यात तर सावकाराच्या हाती जाणार, वाटाव्यात तर गल्लीत परत येणार, जाळाव्यात तर घरचे विचारणार, का जाळतीस? तेवढी ताकदही राहिली नव्हती. म्हणून किल्ली मला. जगातल्या सगळ्यात संशयी बाईला तिनं ते कपाट दिलं. मी त्या चुलत भावजयीकडं वळून म्हटलं, "तिला साड्यांचा नाद होता. माझ्याच ओळखीनं घ्यायची. माझ्याकडं द्यायचं ठरलं होतं." बाई म्हणाली, "असं होय," पण तिचा विश्वास बसला नाही, ते मला तिच्या तोंडावरून कळलं. तिच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.

बाहेर सोप्यात दुसरा प्रश्न तयारच होता. एक गृहस्थ खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "तुम्ही जवळच्या. नेमकं कशानं गेल्या हो? न्हाय, जन्मभर त्याच रोगात हात..." मला माहीत आहे ती कशानं गेली. साधा, चारचौघांना होतो तसाच आजार होता. नाव सांगितलं असतं तर त्या माणसाचं तोंड बंद झालं असतं. पण मीच एकदा तिला म्हटलं होतं, साधा आजार आहे तर सांगायला काय जातं? तेव्हा ती म्हणाली होती, "ज्याचा साधा हाय त्यानं सांगितलं, तर ज्याचा साधा न्हाय तो गप्प बसला की सगळ्यांस्नी कळतंय की गं." म्हणून मी त्या गृहस्थांना म्हटलं, "गेली. बस." आता गावात काय बोलतात ते बोलोत. तुम्हालाही सांगणार नाही.

साड्या टेम्पोतून माझ्या घरी आल्या. काय करावं, याचा चार दिवस विचार केला. कात्री लावून दोरे कापावेत तर विणकराच्या घरात जन्मलेला हात साडीच्या टोकाला कात्री लावत नाही. शेवटी वहिनी आली. तिनं ढीग बघितला, एक टोक उलटं करून बघितलं, दुसरं बघितलं. काही विचारलं नाही. तीही विणकराचीच लेक. म्हणाली, "वाकळ शिवूया." आमच्याकडं जुन्या साड्यांच्या थरांची वाकळ शिवतात, थंडीत पांघरायला. वरचा थर आणि खालचा थर साधा, बाकीचं सगळं आत, आणि त्यावर धावदोऱ्याचे टाके, इतके जवळजवळ की आतलं काही परत निघू नये. शेजारीण डोकावून गेली. "नव्याकोऱ्या साड्यांची वाकळ? येड लागलंय काय इंदूबाई?" मी म्हटलं, "व्हय, लागलंय."

आम्ही तिघी रोज दुपारी शिवत बसतो. तिसरी माझी भाची. आता नोकरीला आहे, सुट्टीला आली आहे, आणि आईसारखीच तिची सुई सरळ चालते. आपल्या आईचं तिला ठाऊक आहे, स्वतःचंही ठाऊक आहे. बाकीच्या घरांचं नाही, आणि ती काही विचारतही नाही. एकेक साडी पसरायची, टोकं आत वळवायची, टाके घालायचे. माझी पाठ हल्ली वाकून वाकून भरून येते. मधेच पोरगी उठून माझ्या पाठीत बुक्क्या मारते, "आत्या, बरं वाटतंय काय?" म्हणून. तिला कुणी सांगितलेलं नाही, की तिच्या कानात नाव सांगितलं तेव्हा त्याच पाठीत कुणी धपाटा घातला होता. मी म्हणते, अजून जोरात.

काल ती एक साडी पसरत होती आणि थांबली. आतलं टोक बोटांत धरून उजेडाकडं केलं. "आत्या, ह्यो आपल्याच घरचा दोरा न्हवं?" वहिनीची सुई थांबली. मी चष्मा लावून बघितलं. गेलेल्या धाकट्या भावाच्या मागावरची नव्हती, आप्पाच्या हातची होती, पद्मानं पहिल्या दिवशी पिशवीतून पदर दाखवत नेली होती, ती.

"आपलाच," मी म्हटलं. "आत घे."

तिनं टोक आत वळवलं आणि टाका घातला.